टेक्नोचं सोड, बंदिशीचं बोल

नमस्कार ताई,
मी २८ वर्षांची आहे. मूळची मिरजेची, आता पुण्यात. चौदा वर्षं एकाच गुरुजींकडे ख्याल शिकते आहे. वर्षाला चार-पाच बैठका मिळतात, बाकी पोट ऑनलाइन शिकवण्यांवर. त्यातली निम्मी मुलं न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधली. गेल्या वर्षी एका मित्राच्या घरच्या स्टुडिओत सहज गायले. तो इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. माझ्या कलावती रागातल्या बंदिशीवर (बंदिश गुरुजींनी स्वतः बांधलेली आहे) त्याने एक ट्रॅक केला, ऑनलाइन टाकला आणि तो रील्सवर चालला. आता डिसेंबरात गोव्याला त्याच्याबरोबर स्टेजवर गायचं आमंत्रण आहे. एका कार्यक्रमाचे पैसे माझ्या आठ महिन्यांच्या शिकवण्यांएवढे. शिवाय एक कंपनी दोन तासांचे आलाप, सरगम, तराण्याचे तुकडे रेकॉर्ड करून मागते आहे, 'सॅम्पल पॅक'साठी, एकरकमी पैसे देऊन. गुरुजींना यातलं काही माहीत नाही. ते रील्स बघत नाहीत, पण त्यांचा नातू बघतो. एका ज्येष्ठ गुरुबंधूंनी 'घराण्याची अब्रू डीजेला विकलीस' असा मेसेज पाठवला. तेव्हापासून तानपुरा लावला की रडू येतं. हे सगळं थांबवू का? की वेगळ्या नावाने गाऊ? आणि एकदा तिकडे गेलेला गळा परत येतो का?
एक शिष्या, पुणे

तुला 'तू'च म्हणते, माझ्या मुलीपेक्षा तू लहान आहेस.

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा नजर अडकली ती गुरुबंधूंच्या मेसेजवर नाही, गोव्याच्या पैशांवर नाही, तर कंसावर. 'बंदिश गुरुजींनी स्वतः बांधलेली आहे.' एवढ्या पत्रात तेवढं एकच वाक्य तू कंसात घातलंयस. अगं, मुख्य गोष्ट तीच आहे, आणि तुलाही ती ठाऊक आहे. नाहीतर कंस कशाला?

थोडक्यात हवं असेल तर सांगते. गोव्याला जा. स्वतःच्या नावाने गा. सॅम्पल पॅकला आत्ता नाही म्हण. आणि या सगळ्याच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, गुरुजींकडे जा. आता सावकाश.

गुरुबंधूंचं आधी निकालात काढू, कारण ते सोपं आहे. ख्याल बाजारात नेल्याचा आरोप महाराष्ट्रात करायचा, तर सुरुवात फार वरून करावी लागते. १९११ साली 'मानापमान' आलं तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी बैठकीतल्या चाली सरळ रंगभूमीवर आणल्या. १९१६च्या 'स्वयंवर'ला चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम पचवलेला हा गवई, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसाठी पदं बांधत होता. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव पुढे प्रभातच्या 'माणूस'ला आणि 'शेजारी'ला संगीत देऊन मोकळे झाले. आज आपण ज्याला खानदानी म्हणतो त्यातलं बरंचसं त्या त्या काळी कुणाच्या तरी मते चव्हाट्यावर मांडलेलंच होतं. आणि गुरुबंधूंच्या मांडीशी जी पेटी असते, ती आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत दाराबाहेर उभी केली होती. त्या बंदीमागचं एक कारण मात्र खरं होतं आणि ते तुझ्या ट्रॅकलाही लागू पडतं. त्यावर येतेच.

शोभाताई गुर्टूंचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. बेळगावात जन्मलेली ही ठुमरीची राणी. मुलगा त्रिलोक तबला शिकला आणि युरोपात जाऊन जॅझवाल्यांत ड्रम वाजवू लागला. १९८८ साली त्याचा 'उस्फ्रेत' हा अल्बम निघाला, त्यात आई गायली आहे. एका रचनेचं नावच 'शोभारॉक'. तेव्हा शोभाताई साठी ओलांडलेल्या होत्या, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार नुकताच मिळाला होता. ऐक तो आवाज. आजूबाजूला काय चाललंय याने तो बावरत नाही, आणि पाहुणा म्हणून अंग चोरूनही बसत नाही. त्रिलोक पुढे २००४मध्ये ट्रान्स नावाचं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या रॉबर्ट माइल्सबरोबर अख्खा अल्बम करून बसले, ते वेगळं.

आणि तुझ्या कलावतीचंच म्हणशील, तर ती डिस्कोत तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी जाऊन आलेली आहे. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे. त्यांनी १९८२मध्ये रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. ललित, तोडी, मालकंस, आणि हो, कलावती. ती रेकॉर्ड इथे फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चाट पडले, कारण शिकागोत 'ॲसिड हाउस' म्हणून जे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत १९८७च्या सुमारास गाजलं, त्याच्याशी हे अगदी मिळतंजुळतं होतं, आणि पाच वर्षं आधीचं. गुरुबंधूंना हे पाठवू नकोस मात्र. वाद जिंकून गुरुबंधू परत मिळत नाही.

ही नावं मी तुला दाखला म्हणून देत नाहीये. कारण यांतल्या काहींना घरी किंमतही मोजावी लागली. किशोरीताई आमोणकरांनी १९६४मध्ये 'गीत गाया पत्थरों ने'चं शीर्षकगीत गायलं. माईंना, म्हणजे त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाईंना, ते अजिबात रुचलं नाही, आणि त्यानंतर किशोरीताई सिनेमापासून लांबच राहिल्या. १९९०मध्ये 'दृष्टी'ला संगीत दिलं ते स्वतः चाली बांधून, स्वतःच्या अटींवर. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं मोज. भावगीतं मात्र गायल्याच. 'जाईन विचारित रानफुला' ऐकताना कुणी घराण्याच्या अब्रूचं काढत नाही.

आता गळ्याचं. गळा परत येतो का, असं विचारलंयस. गळा कुठे जात नाही गं, कान जातो.

तू काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गातेस असं धरून चालते. बहुतेक बायका तिथेच किंवा काळी पाचला असतात. तुझा तानपुरा नीट लागला, जवारी उघडली म्हणजे तारा घुमू लागल्या, की खर्जाच्या तारेतून तू न छेडलेला गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो. स्वयंभू गंधार. चौदा वर्षं तुझा कलावतीचा गंधार त्या गंधारावर टेकलेला आहे. तुझ्या मित्राच्या सिंथेसायझरमधला गंधार मात्र तो नाही. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून मिळणारा तो गंधार, पेटीतल्यासारखाच, थोडा चढा असतो. आकाशवाणीच्या बंदीमागचं ते खरं कारण हेच. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले साधारण चौदा भाग वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण काळी चारच्या मध्य सप्तकात हा फरक सेकंदाला सुमारे दोन कंपनांचा पडतो. म्हणजे तू तुझा गंधार लांब धरलास आणि मागे त्याचा सिंथ धरलेला असला, तर सेकंदाला दोनदा हवा हेलकावे खाते. ऐकणाऱ्याला 'काहीतरी खुपतंय' एवढंच कळतं. गाणारी मात्र नकळत सूर वर ढकलते, हेलकावा थांबेपर्यंत. असं दहा-वीस वेळा झालं की तोच गंधार गळ्यात बसतो. मग एक दिवस तू तानपुऱ्यासमोर बसतेस आणि तानपुराच उतरलाय असं वाटतं.

हे मी स्वतः भोगलंय. दोन महिने लागले निस्तरायला.

मी तुझा ट्रॅक शोधून ऐकलेला नाही, मुद्दामच. तू नाव दिलं नाहीस त्याचा मान ठेवला. पण पैज लावते, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाच्या आसपास, जिथे ठेका थांबतो आणि तू एकटी उरतेस, तिथे त्याने मागे एक रुंद, धुकट कॉर्ड घातला असणार. त्याला दोन गोष्टी सांग. एक, त्या कॉर्डमधून गंधार काढ, फक्त षड्ज-पंचम ठेव. गंधार तुझा तू आणशील. आणि काढवत नसेल, तर तेवढा एक स्वर चौदा सेंट खाली ओढ. 'सेंट' म्हणालीस की त्याला बरोबर कळेल, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, काम दोन मिनिटांचं. दुसरं, तुझ्या आवाजावर सूर सरळ करणारं यंत्र लावलंय का ते विचार. ऑटोट्यून १९९७ साली आलं, तेव्हापासून जगभर ते मीठ-मसाल्यासारखं वापरतात, विचारतही नाहीत. पंचमावरून गंधारावर सलग घसरत येणारी तुझी मींड त्यातून गेली की तिच्या पायऱ्या होतात. गोल जिना होता, त्याची शिडी झाली. तुझ्या मित्राला वाटत असेल की त्याने मदत केली.

चांगला मुलगा असेल तर ऐकेल. या मुलांचे कान आपल्यापेक्षा काही बाबतींत तिखट असतात. खर्जाच्या खालचं जे त्यांना ऐकू येतं ते मला आयुष्यभर ऐकू आलं नव्हतं.

लयीचं फार नाही सांगत. क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या टिकटिकीवर, गाणं वाईट नाही, कुणाही विद्यार्थ्याने सहा महिने करावं. मात्र ज्या दिवशी स्टुडिओ, त्या दिवशी घरी येऊन विलंबित गायचंच. अर्धा तास का होईना, तबल्याशिवाय चालेल. मिनिटाला एकशे वीस ठोक्यांच्या ठेक्यातून आलेल्या माणसाला समेची वाट बघवत नाही. आणि त्याच दिवशी बघितली नाही तर दुसऱ्या दिवशी तर नाहीच बघवत.

आता कंस उघडू.

परंपरेने आलेली बंदिश असती, दोनशे वर्षं जुनी, तर ती सगळ्यांची. कोणीही गावी, कोणीही तिचं काहीही करावं. बरं-वाईट रसिक ठरवतील. पण हयात माणसाने बांधलेली बंदिश, तिचे शब्द आणि तिची चाल, कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याची असते. तो हयात असेपर्यंत, आणि नंतर साठ वर्षं त्याच्या वारसांची. बैठकीत तू ती गातेस तेव्हा गुरुजींनी शिकवलं यातच परवानगी आली, असं आपण मानतो. ट्रॅकचं तसं नाही. ट्रॅकवर गीतकार-संगीतकाराच्या जागी कुणाचं नाव पडलंय? माझा अंदाज, तुझ्या मित्राचं. कदाचित तुझंही. गुरुजींचं नसावं, नाहीतर त्यांना कळल्याशिवाय राहिलं नसतं. म्हणजे तुझ्या गुरूची रचना आज जगभरात दुसऱ्याच्या नावावर वाजते आहे. डीजे, टेक्नो, गोवा हे सगळं बाजूला ठेवलं तरी एवढं उरतं.

असा वाद तू बातम्यांत वाचला असशील. ध्रुपद गाणाऱ्या डागर बंधूंची अडाणा रागातली शिवस्तुती आणि 'पोन्नियिन सेल्वन' या तमिळ सिनेमाच्या दुसऱ्या भागातलं रहमानचं गाणं. एप्रिल २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, त्याच वर्षी सप्टेंबरात खंडपीठाने तो रद्द केला. बंदिश नक्की कोणाची, परंपरा कुठे संपते आणि रचनाकार कुठे सुरू होतो, हे न्यायालयालाही सरळ सुटलेलं नाही. तुझ्याकडे मात्र एवढा गुंता नाहीच. तू स्वतःच लिहितेस की बंदिश त्यांची. मग नाव त्यांचं जायला हवं, आणि रचनेचे जे पैसे येतील त्यात वाटा त्यांचा. ऑनलाइन गाण्याचं श्रेय बदलता येतं. ज्या सेवेमार्फत मित्राने ट्रॅक चढवला तिथे जाऊन दुरुस्ती करायची. गुरुजी आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद नसतील तर त्यांना फॉर्म भरून दे. वयस्कर माणसाला हे एकट्याने जमायचं नाही, आणि नातू रील्स बघण्यात गुंतलेला असणार.

हे सगळं करायचं ते त्यांनी 'हो' म्हटल्यावर. ते 'नाही' म्हणाले तर ट्रॅक उतरवायचा. हो, चालू असलेला ट्रॅक. मित्राला वाईट वाटेल. त्याला नवी बंदिश दे. तू स्वतः बांध की एखादी! चौदा वर्षं झाली, अजून एकही नाही बांधलीस?

सॅम्पल पॅक. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल, सांगायला लाज वाटते तरी.

१९९८ साल. मी बाईंच्या, म्हणजे माझ्या गुरूंच्या, घरी राहून शिकत होते. ताडदेवच्या एका स्टुडिओत केसांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी चौदा सेकंदांचा आलाप गायले. देस. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, मॅडम, वर जाताना पण तोच गोड सूर घ्या ना. त्याला कोमल निषाद आवडला होता. देसात आरोहाला शुद्ध निषाद असतो, हे मला झोपेतही माहीत. तरी मी घेतला. दीड हजार रुपये होते. कागदावर सही केली, वाचली नाही. आणि पत्ता विचारला तेव्हा, दुसरा पत्ताच नव्हता म्हणून, बाईंच्या घरचा दिला.

चेक टपालाने आला. बाईंच्या हातात पडला. पाकिटावर जाहिरात कंपनीचं नाव. बाईंनी ते पाकीट न उघडता पेटीच्या झाकणावर ठेवलं आणि ते चार दिवस तिथेच होतं. आम्ही चार दिवस त्या पाकिटासमोर बसून रियाज केला. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझं आहे, उचल. काय गायलीस?" मी म्हटलं, देस. "गाऊन दाखव." मी शुद्ध निषाद घेऊन गायले. त्या हसल्या. "हे चौदा सेकंदांत मावत नाही. जे गायलीस ते गा." गायले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचा महिनाभर रोज सकाळी फक्त देसाचा आरोह. सा रे, म प, नी सां. बस्स. जाहिरातीबद्दल त्या आयुष्यात पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. मला आजही वाटतं की पाकिटाआधी मी पोचायला हवं होतं.

पण सांगत होते ते आलापाचं. त्यानंतर साताठ वर्षांनी एका बँकेला फोन लावला होता, काहीतरी हप्त्याची भानगड. 'कृपया प्रतीक्षा करा', आणि मागे आलाप सुरू. देस, वर जाताना कोमल निषाद. माझा! अकरा मिनिटं होल्डवर मी स्वतःलाच ऐकत होते, पुन्हा पुन्हा, चौदा-चौदा सेकंद. त्या कागदावर मी 'सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी' सगळं लिहून दिलं होतं. बँकेकडे कुठून कसं गेलं, मला कधीच कळलं नाही. पैसे अर्थातच नाहीत. हप्त्याचं कामही त्या दिवशी झालं नाही.

ते चौदा सेकंद होते. तुझ्याकडे दोन तास मागताहेत. सॅम्पल पॅक म्हणजे तुझा आवाज सुटा करून, स्वरवार, पट्टीवार डब्यांत भरून विकायचा. ज्याने डबा घेतला त्याने तो भजनात वापरावा, गुटख्याच्या जाहिरातीत वापरावा, प्रचाराच्या गाण्यात वापरावा, तुला विचारायची गरज नाही, तुझं नाव टाकायचीही नाही. त्याची किंमत असते, ती कोणी देत असेल आणि तुला सौदा पटत असेल तर तो गुन्हा नाही. ओळखीत दोघी-तिघी करतात, घरभाडं निघतं. पण त्या करारात आता एक नवं कलम असण्याची शक्यता आहे, ते डोळ्यांत तेल घालून शोध. आवाज 'यंत्र-प्रशिक्षणासाठी' वापरण्याची परवानगी, किंवा तशा अर्थाचं काहीतरी, बहुधा बारीक अक्षरात. दोन तासांचे सुटे, स्वच्छ स्वर एवढ्या सामानावर तुझ्यासारखी गाणारी यंत्रं तयार करता येतात. अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अडवलं. तो अरिजित सिंग आहे गं. तुझी नक्कल झाली तर तुला कळेल तरी का?

कलाकाराचे हक्क कायद्यात आहेत, २०१२च्या दुरुस्तीनंतर बरेच. गायलेल्या आवाजावर तुझा पन्नास वर्षं हक्क, व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टी मागायची सोय, तुझं नाव लावण्याचा आग्रह धरायचा हक्क. गायकांची रॉयल्टी गोळा करायला 'इस्रा' नावाने २०१३मध्ये सुरू झालेली संस्था आहे, आता तिचं नाव 'इसाम्रा'. पण हे सगळे हक्क ज्या सहीने पातळ होतात ती सही करायच्या आधी स्टॅम्पपेपरकडे नको, वकिलाकडे जा. कंपनी थांबत नसेल तर जाऊ दे.

गोवा. इथे मी उपदेश करणार नाही, कारण मला हेवा वाटतोय.

फक्त कामाचं सांगते. स्टेजवर समोर मॉनिटरचे ठोकळे, म्हणजे गाणाऱ्यालाच आवाज ऐकवणारे स्पीकर, असतात, मागे त्याचा बेस, तुझा आवाज तुला ऐकू येत नाही आणि माणूस ओरडतो. एका कार्यक्रमात गळा बसतो. कानात घालायचे मॉनिटर माग, करारात लिहून माग, आणि त्यात तुझा स्वतःचा तानपुरा सोडायला सांग. स्वतःचा म्हणजे मिरजेचा, घरी नीट लावून अर्धा तास रेकॉर्ड केलेला. तानपुऱ्यांच्या गावची, मिरजेची पोरगी तू, ॲपमधला तानपुरा घेऊन गेलीस तर मला वाईट वाटेल. समुद्रावरची संध्याकाळची हवा दमट, त्यात घाम, आणि मंडपामागे सगळीकडे धूर. कोमट पाण्याची बाटली स्वतःची ठेव. आयोजकांना पुण्याहून येण्याजाण्याचं, राहण्याचं वेगळं माग, मानधनातून नको. अर्धे पैसे आधी.

आणि एक गंमत. उघड्यावर लाऊडस्पीकरला एरवी रात्री दहापर्यंतच मुभा असते, त्यामुळे तुला बहुधा संध्याकाळी पाच-सहाला उभं करतील, डोळ्यांवर ऊन घेऊन. कलावती रात्रीचा राग. गुरुबंधूंना खरंच काही आक्षेप घ्यायचा असेल तर हा घ्यावा, मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. मित्राला विचार, त्या वेळेचं काही करता येईल का. मधुवंती घे, मुलतानी घे. मुलतानीचा कोमल रिषभ त्या सिंथवर कसा बसतो ते बघायला मलाही आवडेल. बहुतेक बसणार नाही.

वेगळ्या नावाचं म्हणालीस. नको. टोपणनावाने गायलीस म्हणजे तूच कबूल केलंस की ते लपवण्यासारखं आहे, आणि आजकाल लपत काहीच नाही. शिवाय नावं दोन झाली की दोन्हीकडची रॉयल्टी, दोन्हीकडचे फॉर्म, दोन पॅनकार्डं थोडीच मिळणारेत. बैठकांचे आयोजक तुला वगळतील का? एखाद-दुसरा वगळेल. वर्षाला चार-पाच बैठका देणाऱ्यांनी तुला आत्ताही काही डोक्यावर घेतलेलं नाही.

राहिले गुरुजी.

फोनवर सांगू नकोस, मेसेज तर नाहीच. शिकवणीच्या दिवशी जाऊ नकोस, इतर मुलं असतात. आधी विचारून, एकटी जा, सकाळी, त्यांचा चहा झाल्यावर. पहिल्या वाक्यात बंदिशीचं सांग, ट्रॅकचं नाही. 'गुरुजी, तुमची कलावतीची बंदिश मी तुम्हाला न विचारता रेकॉर्ड केली, ती तुमच्या नावाशिवाय बाहेर गेली आहे, चूक झाली.' एवढं झालं की थांब. ते बोलतील ते बोलू दे, मध्ये 'पण' नको. गोव्याचं, पैशांचं, आठ महिन्यांच्या शिकवण्यांचं सगळं नंतर. त्यांनी विचारलं तर. मला वाटतं ते विचारतील. वर्षाला चार-पाच बैठकांवर जगणाऱ्या शिष्येचं कसं चालतं हे ज्याला चौदा वर्षं दिसतंय तो गुरू पैशांचं ऐकून दचकणार नाही.

रागावतील? रागावतील. शिकवणी महिनाभर बंद ठेवतील कदाचित. गुरुबंधूंचा मेसेज आला हे मात्र सांगू नकोस, ते तुम्हा दोघांतलं.

ट्रॅक ऐकवायला सांगितला, तर मोबाइलच्या स्पीकरवर लावू नकोस, त्यात फक्त टकटक ऐकू येते आणि ते म्हणतील हेच का ते. चांगला हेडफोन घेऊन जा. मित्राला सांगून त्याआधी गंधार उतरवून घे. तेवढ्या एका जागेवर त्यांचं लक्ष जाणारच आहे.